कधी सुरू होते, कधी होत नाही

मंडळी, गेल्या महिन्यात नातवाचा पुण्याहून फोन आला. त्याची गाडी बारा वर्षांची, त्यात हा तिसरा मालक. "आजोबा, सकाळी किल्ली फिरवली की कधी सुरू होते, कधी होत नाही. गॅरेजमध्ये नेली की मात्र पहिल्या फटक्यात सुरू! मेकॅनिक माझ्याकडे असा बघतो की मीच थापा मारतोय."

मी हसलो. फोन ठेवल्यावर कपाटातली जुनी निळ्या पुठ्ठ्याची वही शोधून काढली. त्या वहीबद्दल सांगेनच, पण आधी थोडा इतिहास. चौतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यामुळे खोड जात नाही.

गाडी बंद पडणं हे गाडीइतकंच जुनं आहे. कार्ल बेंझने जर्मनीत 1886 साली पेटंट घेतलेली तीनचाकी मोटार लोक नुसतीच बघत होते, घेत कुणी नव्हतं. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाली. शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीला लावायच्या पिनेने साफ केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिच्यावर पायमोज्याचा इलॅस्टिकचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं, ते वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतलं, कारण तेव्हा ते डाग काढायला म्हणून तिथे मिळे. मला यात एक गोष्ट फार आवडते. इंधन, ठिणगी, नळ्या आणि तारा. गाडी का सुरू होत नाही हे शोधताना आजचा मिस्त्री जिथे जिथे हात घालतो, तिथे तिथे या बाईंनी पहिल्याच प्रवासात हात घातला होता.

पुढची पंचवीसएक वर्षं गाडी सुरू करायची म्हणजे समोर उभं राहून हँडल मारायचं. आमच्या लहानपणी एसटीच्या आणि मालट्रकच्या ड्रायव्हरांना ते करताना मी पाहिलं आहे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती गुंडाळायचा नाही, हे क्लीनर पोरांना पहिल्यांदा शिकवत. कारण ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा हिसका देतं आणि हँडल मनगटावर येतं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडण्याला डॉक्टर मंडळी आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात. शोफर म्हणजे मोटार हाकणारा. हँडल गेलं, नाव राहिलं!

या हँडलपासून सुटका केली ती चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. जन्म 1876, ओहायो राज्यातला. हा गृहस्थ आधी खेडेगावात शाळामास्तर होता (माझी कॉलर ताठ झालेली दिसते ना?). पुढे शिकून तो गल्ला मोजायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला. तिथे त्याने गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली, आणि त्या कामात त्याला उमगलं की जोर क्षणभरच लावायचा असेल तर मोटर लहान असली तरी भागतं. दिवसभर ओझं वाहणारा हमाल वेगळा आणि एकदा झटका देऊन दार उघडणारा वेगळा. तोवर सगळे म्हणत होते की इंजिन फिरवायला लागणारी मोटर गाडीत मावणारच नाही. 1911 च्या सुरुवातीला त्याने ती कॅडिलॅक गाडीवर चालवून दाखवली आणि 1912 च्या मॉडेलमध्ये ती बसून आली. त्यालाच आपण 'सेल्फ' म्हणतो. कॅडिलॅकच्या प्रमुखांच्या ओळखीचा एक जण हँडलचा मार लागून दगावला म्हणून हा शोध लावून घेतला, अशी एक गोष्ट सांगतात. तपशिलाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. शिकवताना अशा गोष्टी मी 'असे म्हणतात' जोडूनच सांगायचो.

पण गंमत पुढेच आहे. बॅटरीवर चालणारी ठिणगीची जी रचना पुढे साठ-सत्तर वर्षं जगभर चालली, म्हणजे कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर, तीही याच माणसाच्या डोक्यातून आली. म्हणजे मनगट वाचवणाराही हाच आणि 'कधी सुरू होते, कधी होत नाही' या दुखण्याच्या निम्म्या जागा देणाराही हाच! (पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा उद्योगही त्याच्याच हाताखाली 1921 मध्ये सुरू झाला. ते आपल्या देशात बंद व्हायला 2000 साल उजाडलं. पण तो विषय वेगळा.)

आता आपल्या फियाटकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 बाहेर पडू लागली, आणि 1974 पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' झाली. आम्ही मात्र शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिलो. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चोकची मूठ समोर. मुंबईच्या रस्त्यावरून तिच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची रीतसर गच्छंती ऑक्टोबर 2023 मध्ये झाली. शेवटची नोंदणी 2003 ची आणि वयाची मर्यादा वीस वर्षं, असा हिशेब होता.

या गाडीचे नखरे ऋतूप्रमाणे असत. उन्हाळ्यात खंबाटकी किंवा खंडाळ्याच्या घाटात फियाटी आणि अँबॅसॅडर बॉनेट उघडून रांगेने उभ्या दिसत. पेट्रोलचा पंप, ज्याला मिस्त्री लोक 'एसी पंप' म्हणतात, इंजिनलाच चिकटलेला. इंजिन तापलं की आतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंप नुसतीच वाफ चघळत बसे. त्यावर उपाय म्हणजे ओलं फडकं आणि चहा. चहा गाडीसाठी नव्हे, पण तेवढ्या वेळात पंप निवायचा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरायची, टोपी काढून कोरड्या कपड्याने पुसली की काम झालं. थंडीत बॅटरी मरगळायची. कंडेन्सर किंवा कॉइल आजारी असेल तर सर्वांत वाईट. गार असताना ठणठणीत, तापल्यावर मान टाकणार, आणि मिस्त्री येईपर्यंत निवून पुन्हा शहाण्यासारखी चालू होणार. दिवसाआड येणाऱ्या हिवतापासारखं. डॉक्टर नेमका ताप नसलेल्या दिवशी यायचा.

माझी फियाट 1978 ची, 1988 मध्ये दुसऱ्या हाताची घेतलेली. मास्तराला गाडी म्हणून सातारच्या स्टाफरूममध्ये थोडी चेष्टाही व्हायची. 1993 च्या जानेवारीपासून तिने नवीनच खोड काढली. किल्ली फिरवावी तर 'टक्' एवढाच आवाज. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, सेल्फ मात्र फिरायचा नाही. पाचदा किल्ली फिरवली की सहाव्यांदा फिरायचाही. आमचे मिस्त्री मितभाषी आणि हाताला स्वच्छ. त्यांनी आधी टर्मिनल घासली. मग जुनी झालेली बॅटरी बदलली. मग सेल्फ उतरवून कार्बन ब्रश घातले. दर वेळी त्यांच्याकडे गाडी सुरू व्हायची आणि आठवड्याने घरी पुन्हा टक्.

मार्चमध्ये मुलीची दहावीची परीक्षा होती. इंग्रजीच्या पेपरच्या सकाळी गाडी टक् करून बसली. शेजाऱ्यांनी स्कूटरवरून तिला केंद्रावर पोचवलं, पेपर सुरू व्हायला चार मिनिटं होती. त्या दुपारी स्टाफरूममध्ये मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हा मिस्त्री चोर आहे. मुद्दाम थोडं थोडं बिघडवून ठेवतो." हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. माझ्या सांगण्यावरून त्यांच्याकडे गाड्या नेणारे चार सहकारी होते, त्यांतल्या दोघांनी गॅरेज बदललं.

मिस्त्रींच्या कानावर ते गेलं असणारच. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सर, गाडी माझ्यासमोर बंद पडत नाही, मग मी काय बघणार? तुम्ही इतिहासाचे ना? मग तिचा इतिहास लिहून आणा. कधी बंद पडली, गार होती का गरम, पाऊस होता का, आदल्या दिवशी कुठं गेली होती, धक्का मारल्यावर झाली का. फालतू वाटलं तरी लिहा."

तीच ही निळी वही. एप्रिल ते जून, एकवीस नोंदी. आता वाचताना हसू येतं, पण मिस्त्रींनी ती बाकावर बसून परीक्षकासारखी वाचली. एकवीस वेळा 'टक्', आणि धक्का मारला की दर वेळी लगेच सुरू. ते म्हणाले, म्हणजे पेट्रोलही आहे आणि ठिणगीही आहे, त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही. पुढे सातव्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं. मी लिहिलं होतं, 'सकाळी साडेसहा, गार. चोक ओढून चार-पाच वेळा सेल्फ मारला. टक्. चोकची मूठ गरम लागली.' चौदाव्या नोंदीतही मूठ गरम होती. ते पटकन उठले.

इंजिन रबरावर बसवलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. सेल्फमध्ये गेलेली वीज त्या पट्टीतूनच बॉडीत आणि तिथून बॅटरीकडे परत येते. सेल्फला दिव्यांच्या दहा-पंधरा पट वीज लागते. पट्टीचा सांधा बिघडला की ती वीज दुसरी वाट शोधते आणि चोकच्या बारीक तारेतून जाऊ पाहते. तेवढ्यात सेल्फ फिरत नाही, तार मात्र तापते. दिवे बॉडीवरच असतात, त्यांना त्या पट्टीशी देणंघेणं नसतं, म्हणून ते लख्ख!

मिस्त्री गाडीखाली शिरले. खालूनच त्यांनी विचारलं, "सर, खालच्या पत्र्याचं काम कुणाकडं केलं?"

मला घाम फुटला. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाऊन आल्यावर खालचा पत्रा सडल्याचं मिस्त्रींनीच दाखवलं होतं. त्यांनी सांगितलेली रक्कम मला जास्त वाटली. "सध्या राहू दे," म्हणालो, आणि डिसेंबरमध्ये हायवेवरच्या एका वेल्डरकडून निम्म्या पैशात ते काम उरकून घेतलं. वर सगळीकडे डांबरासारखा काळा रंग फासून घेतला. मिस्त्रींना कळू नये म्हणून गप्प बसलो. वेल्डरने सोडवलेली पट्टी ओल्या काळ्या रंगावरच पुन्हा कसली होती. बोल्टच्या आट्यांमधून जो काय स्पर्श होत होता, त्यावर माझी गाडी सहा महिने कधी सुरू होत होती, कधी होत नव्हती.

मिस्त्रींनी रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, पट्टी घट्ट केली, वर ग्रीस लावलं. दहा मिनिटांचं काम. पाच रुपये घेतले. बॅटरी आणि ब्रश यांचे पैसे परत देऊ लागले, ते मी घेतले नाहीत. एवढी तरी अक्कल मला तेव्हा होती.

आता गाड्यांची अशी वही गाडीच ठेवते. अमेरिकेत 1996 पासून नव्या गाड्यांना जे तपासणीचं सॉकेट सक्तीचं झालं, ते आता आपल्याकडच्या गाड्यांतही असतं. काही दोष घडला की त्या क्षणाचं इंजिनचं तापमान, फेरे, वेग वगैरे आतला संगणक टिपून ठेवतो. नातवाच्या मेकॅनिकने सॉकेटला यंत्र लावलं, पण त्यात काही सापडलं नाही. सांधा ढिला आहे की घट्ट, हे त्या संगणकाला दर वेळी कळतंच असं नाही. आणि मालकाने काय लपवलं ते तर मुळीच नाही. म्हणून मी नातवाला फोन करून वही घालायला सांगितलं, आणि तू घेतल्यापासून कुणाकुणाकडून काय काय करून घेतलंस ते पहिल्या पानावर लिही, असंही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. "बरं," म्हणाला.

स्टाफरूमचं राहिलं. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी त्या चौघांना गाठून खरं काय झालं ते सांगितलं. गॅरेज न बदललेले दोघे हसले, म्हणाले आम्हाला आधीच शंका होती. बदललेल्यांपैकी एक जण परत मिस्त्रींकडे गेले. दुसरे म्हणाले, "आता इथं बरं चाललंय, कशाला बदलू?" त्यांची अँबॅसॅडर मिस्त्रींकडे पुन्हा कधीच आली नाही. मिस्त्रींनी त्याबद्दल मला काही विचारलं नाही. पुढे 2001 मध्ये मी फियाट विकली, तोवर तिचं सगळं काम त्यांच्याचकडे होत होतं, आणि खालचा पत्रासुद्धा त्यांनी सांगितलेल्या रकमेत.