अळीला सवय लागत नाही

जालना जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या गावात जाऊन विचारले, की बीटी कापसावर शेंदरी बोंडअळी पुन्हा का आली, तर बहुधा उत्तर मिळते, ‘अळीला विषाची सवय झाली.’ वर्गात आपणही फारसे वेगळे बोलत नाही. ताणून ताणून जिराफाची मान लांब झाली, ही समजूत पुसायला आपण एक तास खर्च करतो आणि पुढच्याच तासाला ‘कीटकांनी कीटकनाशकाशी जुळवून घेतले’ असे फळ्यावर लिहितो. म्हणून या अळीचा इतिहास जरा बारकाईने पाहू.

१८४२ मध्ये भडोच येथे कापसाची नासाडी करणाऱ्या या किडीचे शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केले. अळी बोंडात शिरून सरकी खाते, त्यामुळे फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. विष झाडातच असेल तर? बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात स्थापन केलेल्या महिको कंपनीने मोन्सँटोच्या सहकार्याने असे वाण आणले आणि मार्च २००२ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. त्यात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा एक जनुक होता. त्यापासून बनणारे प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते, आतड्याला भोके पडतात आणि अळी मरते.

पण कॅडहेरिनचा जनुक सगळ्या अळ्यांत सारखा नसतो. नक्कल होताना क्वचित त्यात बिघाड होतो आणि मग विषाला चिकटायला जागाच उरत नाही. हा बिघाड विषामुळे होत नाही. तो योगायोगाने होतो. विष फक्त निवड करते.

समजा, असा बिघडलेला जनुक हजारात एक आहे. तो अप्रभावी असल्याने आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते, म्हणजे दहा लाखांत एक. ही अळी आयुष्यभरात काही शिकलेली नाही. ती आधीच वेगळी होती; बाकीच्या मेल्या आणि ती उरली. आता तिच्या पतंगाला जोडीदार कोण मिळतो, यावर सगळे अवलंबून. शेजारी साधा कापूस असेल तर तिथल्या असंख्य साध्या पतंगांपैकी एखादा मिळेल. त्यांच्या पिल्लांत बिघडलेला जनुक एकेकच असेल आणि ती बीटी बोंडात मरतील. चहूकडे बीटीच असेल तर वाचलेल्यांचीच आपसात जोडी जमते आणि सगळी संतती वाचते.

म्हणूनच क्षेत्राच्या २० टक्के किंवा कडेच्या पाच ओळी, यांपैकी जे जास्त असेल तेवढा साधा कापूस लावण्याचा नियम होता. त्याचे १२० ग्रॅम बियाणे ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबतच मिळे. अनेकांनी ते पेरलेच नाही. यात केवळ शेतकऱ्याला दोष देणे आम्हाला पटत नाही. दोन एकरवाल्याने पाचवा हिस्सा अळीला का द्यावा, हे त्याला समजेल असे कोणी सांगितले होते? अमेरिकेत ॲरिझोनात १९९६ पासून हाच जनुक असलेला कापूस होता. तिथे साध्या कापसाचे पट्टे राखले गेले आणि दहा वर्षे अळीची प्रतिकारक्षमता वाढली नाही.

आपल्याकडे गुजरातेतील अमरेली, भावनगर, जुनागड, राजकोट भागात पहिल्या जनुकाला न जुमानणाऱ्या अळ्या आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. तपासणीत कॅडहेरिनचा जनुक एकाच नव्हे, अनेक तऱ्हांनी बिघडलेला दिसला. एकाच ‘सवयी’ने असे झाले नसते. दोन जनुकांचे वाण २००६ मध्येच आले होते, पण पहिला पहारेकरी निकामी झालेल्या शिवारात दुसरा एकटाच पडला. त्यात पाण्याची सोय असलेले शेतकरी फरदड ठेवून पीक फेब्रुवारीपर्यंत लांबवत, आणि अळीला निवडीच्या आणखी एकदोन पिढ्या मिळत. २०१७ च्या हंगामात मराठवाडा आणि विदर्भात वेचणीला आलेली कितीतरी बोंडे किडकी निघाली.