द्रासच्या भिंतीवरील नावे

काश्मीरला जाणारे आपल्यापैकी बहुतेक जण सोनमर्गहून परततात. आपण मात्र जोजीला ओलांडून पुढे द्रासला जा. याच खिंडीत 1 नोव्हेंबर 1948 रोजी जनरल थिमय्यांनी रणगाडे चढविले होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हते.

श्रीनगर-लेह रस्त्याच्या कडेला, तोलोलिंगच्या पायथ्याशी, शहिदांचे स्मारक आहे. तेथे उभे राहून आधी वर शिखराकडे पाहा, मग मागे रस्त्याकडे पाहा. 1999 चे कारगिल युद्ध का झाले, ते नकाशावाचून कळेल. वर बसलेल्याला खालची मोटार न् मोटार दिसते, तोफांचा मारा नेमका रस्त्यावर आणता येतो. आणि लेहची रसद याच रस्त्याने जाई. म्हणून ती शिखरे परत घेणे भाग होते. उघड्या कड्यांवरून, बहुधा रात्रीच्या काळोखात, आमचे जवान चढले. तोलोलिंग 13 जूनला हाती आले, टायगर हिलचा माथा 4 जुलैला. एकंदर 527 जवान कामी आले.

गुलाबी दगडाच्या भिंतीवर पितळी पत्र्यात त्यांची नावे आहेत. घाई करू नका, वाचा. कॅप्टन हनीफउद्दीन हे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? (शाळेच्या पुस्तकांना दोष देण्याआधी आपण घरी काय सांगतो तेही पाहावे.) दिल्लीच्या शिवाजी कॉलेजात शिकलेला, गाण्याची आवड असलेला हा तरुण राजपुताना रायफल्सच्या 11 व्या पलटणीत होता. रेजिमेंटची युद्धघोषणा 'राजा रामचंद्र की जय'. 6 जून 1999 रोजी तुर्तुक भागात, सुमारे 18 हजार फूट उंचीवर, मोजके जवान घेऊन तो पुढे गेला आणि गोळीबारात सापडला. सोबत्यांना आडोसा मिळावा म्हणून तो अखेरपर्यंत गोळ्या झाडीत राहिला. वय अवघे 24. सरकारने त्याला मरणोत्तर वीरचक्र दिले.

वडील तो लहान असतानाच वारले होते. आई हेमा अझीझ शास्त्रीय गायिका. मुलाचा मृतदेह कित्येक आठवडे बर्फातच होता. तो आणण्यासाठी दुसऱ्या कुणा आईच्या मुलाचा जीव धोक्यात घालू नका, असे त्यांनी सैन्याला कळविले. पुढे सरकारने देऊ केलेला पेट्रोल पंपही त्यांनी घेतला नाही.

तुर्तुककडच्या त्या पहाडी विभागाला सैन्याने 'सब सेक्टर हनीफ' असे नाव दिले आहे.