युलिमिडी
युलिमिडी : परजीवी समुद्री गोगलगायींचे एक कुल (मृदुकाय संघ, गॅस्ट्रोपोडा वर्ग). वर्णन झालेल्या जाती हजाराहून अधिक असून त्या तारामीन, भंगुरतारे, सागरी अर्चिन, समुद्रकाकड्या व समुद्रकमळे या कंटकचर्मी प्राण्यांवर जगतात. ओहोटीच्या पट्ट्यापासून हजारो मीटर खोल समुद्रतळापर्यंत हे कुल पसरले आहे. कोणती जाती कुठे सापडेल हे पाण्याच्या तापमानाइतकेच तिच्या पोशिंद्यावर अवलंबून असते.

बहुतेकींचा शंख जेमतेम काही मिलिमीटर लांब, निमुळता, गुळगुळीत आणि चकचकीत असतो. इतर गोगलगायींच्या तोंडात अन्न खरवडणारी दंतपट्टी असते. येथे ती बहुधा नसते. सोंड पोशिंद्याच्या त्वचेत खुपसून त्याच्या शरीरातील द्रव व ऊती शोषून घेतल्या जातात. काही जाती पोट भरल्यावर पोशिंद्याला सोडून जातात, तर काही त्याला जन्मभर चिकटून राहतात. हिंदी व प्रशांत महासागरांतील निळ्या तारामीनाचा (लिंकिया लेव्हिगाटा) हात उलटा करून पाहिल्यास थायका क्रिस्टलिनाची टोपीसारखी मादी घट्ट बसलेली दिसते, आणि तिच्या कडेखाली तिचा खुजा नर. लिंकिया तारामीनांवरच स्टिलिफर लिंकी ही दुसरी जाती हातात गाठ निर्माण करून त्या गाठीत राहते.

समुद्रकाकडीच्या आत राहणाऱ्या काही जातींनी शंखही टाकला आहे. योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाला १८५१ मध्ये त्रिएस्तजवळच्या समुद्रकाकडीत एक नळी आढळली; ती शंखधारी गोगलगायींच्या पिलांनी भरलेली होती. समुद्रकाकडी गोगलगायी प्रसवते की काय, या प्रश्नाने त्याला बेचैन केले. ती नळी म्हणजेच प्रौढ गोगलगाय होती : एंटोकोंका मिराबिलिस. तिचे कुळ सांगायला केवळ अळीचा शंख उरतो. नॉर्वेच्या समुद्रकाकडीतील एंटेरोझेनॉस या गोगलगायीचे वर्णन प्राणिशास्त्रज्ञ क्रिस्टीन बोनेव्ही यांनी १९०२ मध्ये केले. या गोगलगायीच्या शरीरातील वृषण तिचेच मानले जाई आणि ती उभयलिंगी समजली जाई. पुढे ते वृषण म्हणजे मादीच्या पोकळीत शिरून जवळपास सर्व अवयव गमावलेला नरच असल्याचे सिद्ध झाले. परजीवित्वामुळे शरीर किती पालटू शकते, याची यापेक्षा बोलकी उदाहरणे प्राणिसृष्टीत फार थोडी.

या कुलाची खरी जातिसंख्या ज्ञात संख्येपेक्षा बरीच मोठी असावी. न्यू कॅलेडोनियातील कुमाक येथे फिलिप बुशे व सहकाऱ्यांना सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात २,७३८ मृदुकाय जाती मिळाल्या. त्यांतील सुमारे एक पंचमांश जातींचा एकेकच नमुना हाती लागला. अशा दुर्मिळ जातींत लहान परजीवी गोगलगायींचा वाटा मोठा असतो. खोल समुद्रात अडचण आणखी वाढते. तेथील गाळावर समुद्रकाकड्या विपुल आहेत, पण जाळे वर ओढताना गोगलगाय पोशिंद्यापासून सुटते आणि संग्रहात रिकामा शंख तेवढा पोहोचतो. त्यामुळे वर्णन झालेल्या बहुसंख्य जातींचा पोशिंदा अद्याप अज्ञात आहे.