वडशाच्या स्टेशनची गाडी

गेल्या दिवाळीत आरमोरीस गेलो असता तेथील माझ्या एका आप्ताने, भात गिरणीच्या ओसरीवर हिशेबाची वही मिटता मिटता, मला विचारले, ‘‘भाऊ, सात माणसं अन् मागं चार पोती बसतील अशी डिझेलची लांब गाडी घ्यावी म्हणतो. घेऊ का नको?’’ प्रश्न व्यवहाराचा होता आणि उत्तरही त्याला व्यवहाराचेच हवे होते. परंतु अशा गाडीस जे ‘स्टेशन वॅगन’ हे नाव रूढ आहे ते मूळ अमेरिकेत आगगाडीतून उतरलेले उतारू आणि त्यांच्या पेट्या गावात पोहोचविणाऱ्या गाडीचे आहे, हे मनात येताच मला आरमोरीचे वडशाच्या रेल्वे स्टेशनशी असलेले जुने नाते आठवले, आणि आप्ताच्या प्रश्नाचे उत्तर या दोन गावांमधल्या रस्त्याच्या इतिहासातच शोधले पाहिजे असे वाटू लागले.

वैनगंगेच्या पूर्व तीरावर वसलेली आरमोरी ही पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची जुनी पेठ. ढिवरांनी ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे पोसून मिळविलेला कोसा, तो विणणारे कोष्टी, आणि बांधाबांधांतून पिकणारे धान यांच्या बळावर हे गाव उभे राहिले. परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंगाल-नागपूर रेल्वेची अरुंद पट्ट्याची वाट गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपुराकडे, निघाली, तेव्हा तिने वैनगंगा ओलांडली ती वडशाजवळ, आणि आरमोरी सुमारे २० किलोमीटर बाजूला राहिली. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हा जन्मास आला, तरी वडसा हेच त्या संबंध जिल्ह्याचे एकमेव रेल्वे स्टेशन होते. म्हणजे माहेरवाशीण असो, कोशाचा व्यापारी असो की दौऱ्यावरचा अंमलदार असो, आगगाडीने येणाऱ्या प्रत्येकास शेवटचा प्रवास दुसऱ्या कशाने तरी करावाच लागे. मालगुजारांच्या घरच्या पाहुण्यांसाठी दमणी जुंपली जाई, इतरांसाठी बंडी; आणि बंडीत माणसे व माल यांचा भेद कोणी केला नाही. पुढे माणसे आणि मागे पोती ही माझ्या आप्ताची अपेक्षा त्या बंडीचीच आहे.

मोटारी आल्या त्या पेट्रोलवर. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण झाले तेव्हा देशभर कितीतरी मोटारी कोळशाच्या वायूवर चालविल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर विदर्भात प्रांतिक परिवहन सेवेच्या गाड्या धावत होत्या. १९६१ साली ती सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली आणि एस. टी. हा शब्द इकडे घरोघरचा झाला. जंगल खात्याच्या आणि महसूल खात्याच्या साहेबांकडे जीप असे. नाक्यावरचा नाकेदार तिच्या आवाजावरून कोणता साहेब येतो हे ओळखी, अशा आठवणी वृद्ध मंडळी आजही सांगतात.

डिझेलशी या मुलखाची ओळख मात्र रस्त्यावर झाली नाही, शेतात आणि गिरणीत झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साताऱ्यास कूपरांच्या कारखान्यात १९३३ साली डिझेल इंजिन तयार झाले, १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत ते ठोके देणारे इंजिन विहिरीच्या काठी व गिरणीच्या पडवीत जाऊन बसले. ते कसे सुरू करावे, कसे खोलावे, त्याचा पंप कधी हवा धरतो, हे गावच्या मिस्त्रीस पुस्तकावाचून समजले. त्यामुळे डिझेलची मोटार जेव्हा आली तेव्हा ती येथे परकी ठरली नाही.

तिच्या बाजूने येथील पाणीही होते. गाढवी, खोब्रागडी, सती, पाल, कठाणी अशा नद्यांच्या या प्रदेशात वैनगंगा फुगली की तिच्या दाबाने लहान नद्यांचे पाणी मागे सरते आणि ठेंगणे पूल बुडतात. दक्षिणेस भामरागडची पर्लकोटा तर दर पावसाळ्यात पलीकडच्या गावांची वाट अडवीत आली आहे. जुन्या पेट्रोल गाडीत इंधन पेटते ते विजेच्या ठिणगीने, आणि नाल्यातून जाताना डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडाले की ती ठिणगीच मरे व गाडी प्रवाहात उभी राही. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचे काम नाही. सिलिंडरात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. हवेच्या नळीत पाणी शिरले तर आतले दांडे वाकतात हे खरे, पण सावध चालक तितके पाणी टाळतो. शिवाय मंद गतीतही या इंजिनाची ओढ मोठी, म्हणून दहा माणसे कोंबलेली जीप चिखलातून निघे.

तिसरे कारण सरकारी दराचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, आणि डिझेल मात्र शेती व मालवाहतुकीचे इंधन म्हणून सरकारने स्वस्त ठेवले. हिंदुस्थान मोटर्सने १९८० साली अँबॅसेडरला डिझेलचे इंजिन दिले. जीप आणि ट्रॅक्स या गाड्याही डिझेलवर धावू लागल्या. आणि या गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात, परवान्यात लिहिलेल्या संख्येच्या दुप्पट माणसे घेऊन, वडशाच्या स्टेशनबाहेर उभ्या राहू लागल्या. ‘काळी-पिवळी’ हेच त्यांचे नाव झाले. दिवाळी ते होळी या काळात झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या वडशाहून रोज नव्या गावी निघत, तेव्हा नट, पेटीवाला, तबलजी आणि कपड्यांच्या ट्रंका एकाच गाडीत बसत. मंडईच्या जत्रांच्या आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या त्या रात्री डिझेलने किती कलावंतांना थंडीतून सुखरूप घरी आणले याची कोणी नोंद ठेवली नाही. ती ठेवायला हवी होती असे मला मनापासून वाटते.

पुण्याच्या टेल्को कारखान्यातून १९९२ साली ‘टाटा इस्टेट’ ही १९४८ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाची गाडी निघाली. खऱ्या अर्थाने डिझेलची स्टेशन वॅगन म्हणावी अशी ती देशी गाडी होती. सुबक होती, पण आपल्या खेड्यांच्या रस्त्यांवर तिचा निभाव लागला नाही. ज्यांच्या दूरदृष्टीने तो कारखाना उभा राहिला त्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची आद्याक्षरे घेऊन १९९४ साली आलेली उंच, धट्टीकट्टी सुमो हीच गडचिरोलीच्या रस्त्यांना मानवली.

आता डिझेलच्या बाजूच्या या कारणांचे काय उरले? २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरमागे ७३ रुपयांवर गेले होते आणि डिझेल ४१ च्या आसपास होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि ती दरी बुजत गेली. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक निकष लागू झाले, त्यामुळे डिझेल गाडीच्या नळकांड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. ती गाळणी मोकळी व्हायची तर गाडी बराच वेळ वेगाने पळून धूर तापावा लागतो. गावात आणि २० किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते. आणि ज्या मिस्त्रीच्या हातात जुने इंजिन खेळण्यासारखे होते, त्याला नव्या इंजिनाचे दुखणे संगणकावाचून कळत नाही. माझ्या मते हा शेवटचा तोटा सर्वांत मोठा आहे, कारण डिझेलवरील या मुलखाचा विश्वास हा वस्तुतः त्या मिस्त्रीवरील विश्वास होता.

म्हणून मी आप्ताला स्पष्ट सांगितले की, महिन्यातून चार-पाच वेळा भरल्या गाडीने नागपूर किंवा भामरागड गाठायचे असेल तर डिझेलची घे. वडसा आणि आरमोरी एवढाच फेरा असेल तर पेट्रोलची घे, पोती ट्रॅक्टरने जाऊ दे. त्याने मिटलेली वही पुन्हा उघडली आणि मागील वर्षाच्या फेऱ्या मोजू लागला. नागपूरच्या अकरा निघाल्या, गडचिरोलीच्या कचेरीच्या वीस, भामरागडची एकही नाही. वडशाच्या मोजता मोजता पान संपले. तेवढ्यात गोंदियाकडून त्याची लेक येण्याची वेळ झाली, तेव्हा वही तशीच उघडी ठेवून आम्ही दोघे काळी-पिवळी गाठायला चौकाकडे निघालो.