सगळ्या अलेक्झांड्रिया सिकंदराच्या नव्हेत



मी शाळेत तीसेक वर्षं इतिहास शिकवला. सिकंदराचा धडा आला की माझं एक ठरलेलं वाक्य असे, "जगातलं प्रत्येक अलेक्झांड्रिया म्हणजे सिकंदराची आठवण!" मुलं ते वहीत उतरवून घेत.

मागे लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला फिरायला गेलो तेव्हा तेच वाक्य मी नातवाला ऐकवलं. तो म्हणाला, "आजोबा, हे नाव एका जमीनदाराचं आहे." मी हसलो. मग वाचलं आणि गप्प बसलो.

सिकंदराने इ.स.पू. ३३१ मध्ये इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाची पायाभरणी केली आणि तो पुढच्या स्वारीवर निघून गेला. उभं राहिलेलं शहर त्याने कधी पाहिलंच नाही, परत आलं ते त्याचं शव. ताजिकिस्तानातलं खुजंद हेही त्याचंच, 'सर्वांत दूरचं अलेक्झांड्रिया'. प्लुटार्कने त्याच्या नावावर सत्तरहून जास्त शहरं लिहिली आहेत, आजचे अभ्यासक त्यातली फार थोडी मानतात.

बाकीच्यांचं काय? रुमानियातल्या अलेक्झांड्रियाचं नाव १८३४ मध्ये तिथल्या राजा अलेक्झांड्रू गिका याच्यावरून पडलं. स्कॉटलंडमधल्याचं अलेक्झांडर स्मॉलेट या जमीनदारावरून. आणि व्हर्जिनियातलं? जॉन अलेक्झांडर नावाच्या माणसाने १६६९ मध्ये ६००० पौंड तंबाखू देऊन तिथली जमीन घेतली. त्याच्या वंशजांच्या जमिनीवर १७४९ मध्ये गाव वसलं. त्या वेळी सतरा वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनने गावाचा नकाशा काढला होता.

गंमत म्हणजे नावाने फसलेला मी एकटा नाही! वॉशिंग्टनच्या स्मरणार्थ तिथे ३३३ फुटी मनोरा बांधला गेला, १९३२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. त्याची घडण इजिप्तच्या अलेक्झांड्रियातल्या प्राचीन दीपस्तंभावरून घेतलेली आहे. सिकंदराशी गावाचा संबंध नसला तरी नावाने तो जोडून दिला.

पण मला रुखरुख लागली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच गावात ड्यूक स्ट्रीटवर एक घर आहे. १८२८ पासून फ्रँकलिन आणि आर्मफील्ड ही पेढी तिथून गुलामांचा व्यापार करी. हजारो माणसं तिथे कोंडून ठेवून दक्षिणेत विकायला पाठवली. आता तिथे संग्रहालय आहे. जेत्याचं नाव शहराला मिळालं, जमीनदाराचं मिळालं. विकल्या गेलेल्यांपैकी कुणाच्या नावाचं शहर कुठे आहे?

हा प्रश्न मी वर्गात कधी विचारला नाही. नाव कुणाचं एवढंच शिकवलं, आणि तेही अर्धवट.

असो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर वहीतलं ते वाक्य खोडा. गुण मात्र परत घेणार नाही!