समुद्रसपाटीपासून किती उंच?

काही वर्षांपूर्वी ओडिशाच्या किनाऱ्यावरील बांधांच्या एका प्रस्तावाच्या फाइलमध्ये दोन तांत्रिक अहवाल एकाच वेळी माझ्यासमोर आले. नदी तीच, गावे तीच, गृहीत धरलेली वादळी लाटही तीच. परंतु एका अहवालात पाण्याखाली जाणारी काही गावे दुसऱ्यात कोरडी होती. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, तेव्हा प्रथम खर्च-लाभाची कोष्टके तपासली. त्यांत दोष सापडेना. अखेर परिशिष्टातील बारीक अक्षरांत उलगडा झाला. एकाने जमिनीची उंची अमेरिकी अंतराळयानाच्या रडारमोजणीतून घेतली होती, दुसऱ्याने जपानी उपकरणाने टिपलेल्या उपग्रह-छायाचित्रांतून. दोन्ही फुकट मिळणारी आणि जगभर वापरली जाणारी डिजिटल एलिव्हेशन मॉडेल्स, म्हणजे भूपृष्ठाचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकासमोर त्याची उंची लिहिलेली अंकांची जंत्री.

आपल्या देशात उंचीच्या मोजणीचा इतिहास जुना आहे. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली, हे आपण शाळेत शिकतो. पण राज्यकारभाराच्या उपयोगाचे काम याहून नीरस होते. १८५८ पासून पट्टी आणि दुर्बीण घेऊन मोजणीदार पावलापावलाने देशभर पातळी नेत राहिले. १९०९ साली त्या जाळ्याची आकडेमोड पूर्ण झाली. त्याचा शून्यबिंदू म्हणून नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या नोंदी धरल्या होत्या. मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास यांच्या पंक्तीत एक अपरिचित नाव आढळते, फॉल्स पॉइंट. महानदीच्या मुखाजवळील हे ठिकाण आजच्या केंद्रापाडा जिल्ह्यात येते. ज्या किनाऱ्याच्या उंचीवरून माझ्या फाइलमध्ये वाद होता, तेथेच शंभर वर्षांपूर्वी देशाच्या समुद्रसपाटीचा एक आधार रोवलेला होता!

मग अहवाल लिहिणारे परक्या यानाकडे का वळले? कारण साधे आहे. किनाऱ्याचे तपशीलवार नकाशे सुरक्षेच्या नावाखाली दीर्घकाळ निर्बंधित राहिले, आणि जी वस्तू कुलपात असते तिच्या जागी बाजारात जे फुकट मिळते ते वापरले जाते.

२९ ऑक्टोबर १९९९ रोजी महाचक्रीवादळ पारादीपजवळ धडकले. पाच ते सहा मीटर उंचीची लाट आत शिरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, ११ फेब्रुवारी २००० रोजी, 'एन्डेव्हर' यान झेपावले. साठ मीटर लांब दांडा बाहेर काढून दोन टोकांवरील रडारांनी त्याने अकरा दिवसांत पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. एसआरटीएम या नावाने ही मोजणी प्रसिद्ध झाली. प्रारंभी अमेरिकेबाहेरच्या देशांना ती नव्वद मीटरच्या चौकोनांत मिळे; तीस मीटरची जगासाठी खुली करण्याची घोषणा २०१४ साली झाली. उद्दिष्ट सोळा मीटर अचूकतेचे होते. नंतरच्या तपासणीत युरेशियात ९० टक्के ठिकाणी चूक सुमारे सहा मीटरच्या आत आढळली. अभियांत्रिकी दृष्टीने हा पराक्रमच म्हणावा लागेल. पण लाट पाच-सहा मीटरची आणि मापातली चूकही सहा मीटरपर्यंतची! हिमालयात जी चूक नगण्य, ती त्रिभुज प्रदेशात जीवनमरणाची. एकाच सरासरीने दोहोंचा दर्जा सांगणे मला अर्थशास्त्राच्या वर्गातील दरडोई उत्पन्नाची आठवण करून देते.

दुसरे मॉडेल जपान आणि नासाचे, २००९ सालचे 'अ‍ॅस्टर'. दोन कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून उंची काढणारे. ढग आडवे आले की त्यात खोटे खड्डे आणि टेकाडे उमटत. सपाट भातशेतीत तर ते भासच अधिक. स्वतःची चूक सुमारे वीस मीटरपर्यंत असल्याचे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले होते, हे प्रामाणिक. आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या (२००५) चित्रांवरूनही देशाचे मॉडेल तयार झाले. अलीकडच्या तुलनांत जर्मन उपग्रहजोडीच्या मोजणीवर आधारलेले 'कोपर्निकस' बहुधा सरस ठरते.

परंतु खरी मेख अंकांत नसून 'भूपृष्ठ' या शब्दात आहे. ही रडारे जमिनीपर्यंत पूर्णपणे पोहोचत नाहीत. झाडांच्या शेंड्यांत, घरांच्या छपरांवर अडकतात. कोपर्निकसच्या आखूड लहरी तर अधिकच. भीतरकनिकाच्या खारफुटीकडे यंत्र पाहते तेव्हा त्याला जंगल दिसत नाही, उंच जमीन दिसते. सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी २००९ साली केंद्रापाड्याच्या शेकडो गावांचा अभ्यास करून दाखवले की जेथे गाव आणि समुद्र यांमध्ये खारफुटीचा पट्टा रुंद होता, तेथे १९९९ मध्ये मृत्यू कमी झाले. म्हणजे खारफुटी खरोखर वाचवते. मात्र संगणकात ती वाचवते ती जमीन म्हणून. उद्या ती तोडली तरी जुन्या मॉडेलमध्ये 'उंचवटा' तसाच राहणार.

ही चूक किती महाग आहे, हे २०१९ साली कुल्प आणि स्ट्रॉस यांनी मांडले. एसआरटीएमप्रमाणे भरतीरेषेखालील भूमीवर जगात २.८ कोटी लोक राहतात. झाडे-घरांची चूक वजा केल्यावर हा आकडा ११ कोटी झाला. २०२२ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी कोपर्निकसमधून झाडे आणि इमारती वगळलेले 'फॅबडेम' प्रसिद्ध केले. वगळण्याचे काम संगणकाच्या अंदाजावर चालते, हे विसरता येत नाही.

निर्बंध मात्र सैल झाले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भू-माहिती बव्हंशी खुली केली, आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाने २०३० पर्यंत मैदानी प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर दर्जाचे मॉडेल तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

त्या फाइलवर मी कोणत्याही एका अहवालाच्या बाजूने शेरा लिहिला नाही. प्रत्यक्ष पातळी नेऊन मोजावे, एवढे लिहिले. विलंब झाला, आणि त्याबद्दल मला दोन बैठकांत बोलणी खावी लागली. पुढे पाहणीला गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने शाळेच्या भिंतीवर हात ठेवून १९९९ चे पाणी कोठवर आले होते ते दाखवले. मोजणीदाराने जवळच्या बेंचमार्कपासून तेथवर पातळी नेली आणि वहीत अंक लिहिला. तो दोन्ही अहवालांशी जुळत नव्हता.