दापुरीची बाग आणि मुरबाडची शेवळं

वसंतात फुलणारे कंद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ट्युलिप येतात, डॅफोडिल येतात. आज आपण बोलणार आहोत शहापूर-मुरबाडबद्दल. माहुलीचा किल्ला, तानसा-भातसाची धरणं, नाणेघाट-माळशेजच्या पायथ्याची गावं, असा हा मुलूख. इथं ट्युलिपचा कांदा मातीत लावला तर पान येईल, फार तर एखादी खुरटी कळी दिसेल, आणि पावसाळ्यात तो कांदा कुजून जाईल. ट्युलिपची कळी नीट वर यायला कांद्याला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. ती इथं कुठून आणायची?

मग इथले कंद झोपत नाहीत का? झोपतात की. पण थंडीसाठी नाही, कोरडेपणापायी. पाऊस सरला की पानं पिवळी पडतात, कंद जमिनीत गप्प बसतो आणि रोहिणी-मृगाच्या पहिल्या सरींनी जागा होतो. म्हणजे इथल्या कंदांचा वसंत जूनमध्ये येतो. पंचांगातल्या वसंताशी त्याचा फारसा संबंध नाही. अपवाद रानकांद्याचा, ज्याला कोळकांदाही म्हणतात. तो ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, सरळ दांड्यावर फुलतो.

आता इतिहासाकडे वळू. पुण्याजवळ दापुरीला १८२८ साली सरकारी वनस्पती-बाग सुरू झाली. १८३८पासून तिची देखरेख अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे होती. हाच गिब्सन १८४७मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. म्हणजे बाग आणि जंगल, दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली. दापुरीत त्यानं एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची सुंदर चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. असो.

१८६१मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' निघाला. त्याची मांडणी बघा. मुख्य भागात इथल्या जंगलातली झाडं, आणि बाहेरून आणलेली झाडं मागच्या पुरवणीत. शास्त्र म्हणून ही विभागणी बरोबरच आहे. पण आपल्या बागा वाढल्या त्या जवळजवळ सगळ्या पुरवणीतून. निशिगंध मेक्सिकोचा. मे महिन्यात लाल चेंडूसारखी फुलणारी फुटबॉल लिली आफ्रिकेची. परकं आहे म्हणून आमची तक्रार नाही, ट्युलिप तरी मुळात हॉलंडचा कुठे आहे? तोही मध्य आशियातून तुर्कस्तानमार्गे तिकडे गेला. तक्रार एवढीच, की मुख्य भागातली कळलावी, रानहळद, शेवळ ही बागेत यायची राहून गेली.

त्यांची ओळख टिकवली ती बाजारात बसणाऱ्या बायकांनी. जूनच्या सुरुवातीला ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायका शेवळं घेऊन येतात. शेवळ म्हणजे सुरणाच्या कुळातल्या जंगली कंदाचं फूल, पान यायच्या आधी जमिनीतून वर येणारं. नुसतं शिजवून खाल्लं तर घसा खाजतो, म्हणून सोबत आंबट काकडं द्यायची. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळं हा कौतुकाचा पदार्थ. काढणाऱ्या बाईचा हात बघण्यासारखा असतो. फूल खुडायचं, कंद जमिनीतच ठेवायचा. पुढच्या वर्षी तिला त्याच जागी यायचं असतं ना! अर्थात सगळीच फुलं खुडली तर बी धरणार नाही, हेही तितकंच खरं.

पण कायद्याच्या नजरेत तो कंद कुणाचा होता? १९२७च्या भारतीय वन कायद्यातली वनोपजाची व्याख्या पाहिली तर जंगलातलं गवत, वेली आणि त्यांचा प्रत्येक भाग तिच्यात येतो. राखीव जंगलात आयुष्यभर शेवळं खुडणारी बाई कागदावर परवानगीची मोहताज होती. २००६च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजात मुळं आणि कंद असा स्पष्ट उल्लेख केला. गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क मान्य झाला. गिब्सनला वनसंरक्षक नेमल्यापासून मोजलं तर या एका ओळीला जवळजवळ एकशेसाठ वर्षं लागली.

दुसरी गोष्ट सफेद मुसळीची. १९५५ साली फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिच्या एका जातीला बोरिवलीवरून नाव दिलं. तिच्याच भाईबंदांची कोवळी पानं आपण फोडशी म्हणून खातो. पान खुडलं तर झाड राहतं. मुसळी मात्र मुळांसाठी हवी असते, म्हणजे अख्खं झाडच उपटायचं. औषधासाठी मागणी वाढली तशी ती जंगलातून खणली गेली. पुढे तिच्या लागवडीची लाट आली, शेतकऱ्यांनी महागडं बेणं घेतलं, भाव पडले आणि पुष्कळांचे हात पोळले.

म्हणून बागेत हे कंद हवे असतील तर आमचा आग्रह एकच. जंगलातून खणलेला कंद घेऊ नका. कळलावी आणि रानकांदा बियांपासून येतात, रानहळद लागवडीच्या गड्ड्यापासून. दोन-तीन वर्षं थांबावं लागेल. मेच्या अखेरीस, पाणी न साचणाऱ्या जागी, शेणखत घालून लावा. पानं आपोआप वाळू द्या, हिरवी असताना कापू नका. दिवाळीनंतर पाणी बंद. कुंडी रिकामी दिसते म्हणून उकरून बघू नका. आणि कळलावी विषारी आहे, लहान मुलं, गुरं यांच्यापासून लांब, कुंपणाच्या आतल्या बाजूला चढवा. गौरींच्या सुमारास ती फुललेली असते.